कांचनभटाला वगळू नका

इंदुरातल्या सर्व मराठी नाट्यसंस्थांच्या कार्यकारिणी सदस्यांना आणि दिग्दर्शकांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आपल्यापैकी एका संस्थेने 'संगीत शारदा'मधल्या पदांचा कार्यक्रम केला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण असे कार्यक्रम आपल्याकडे सगळेच करतात आणि मीही दर वेळी हौसेने तिकीट काढून जाते. गाणारी मुलं तयारीची होती. ऑर्गन-तबल्याची साथ नेटकी होती. 'म्हातारा इतुका न'ला वन्समोअर पडला, 'मूर्तिमंत भीती'ला सभागृह गप्प झालं. दोन पदांच्या मधे निवेदिका गोष्ट पुढे नेत होती: एक श्रीमंत म्हातारा, एक कोवळी मुलगी, एक तडफदार तरुण, लग्न मोडतं, शेवट गोड. अडीच तासांत कांचनभटाचा उल्लेख एकदाच झाला, तोही 'शारदेचे वडील' एवढाच.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी एक परिचित गृहस्थ म्हणाले, "आता हे प्रश्न उरलेत कुठे? कायदे झाले, मुली शिकल्या. गाणी तेवढी राहिली." आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी कप हातात धरून उभी होते, काही बोलले नाही. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे. पत्र लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

'शारदा'वर इंदूरचा हक्क आहे. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, पण त्यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळींनी १८९९ च्या जानेवारीत इंदुरात केला. गादीवर तेव्हा शिवाजीराव होळकर होते. कोदंडाचं, म्हणजे त्या तडफदार तरुणाचं, काम भाऊराव कोल्हटकरांनी केलं. मूळचे बडोद्याचे भाऊराव, शकुंतला, सुभद्रा, वसंतसेना अशा नायिका गाजवून आलेले. दोनच वर्षांनी ते गेले. देवलांनी एकूण सात नाटकं लिहिली. त्यांतली सहा संस्कृतावरून नाहीतर परदेशी नाटकांवरून बेतलेली. भोवताली जे दिसत होतं त्यावरून स्वतंत्र लिहिलं ते हे एकच. आणि ते सगळ्यात आधी आपल्या गावच्या लोकांनी पाहिलं. त्या रात्री प्रेक्षकांत बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी बारा-तेरा वर्षांची मुलगी लग्नाची होती, आणि त्यांतले किती जण मान वर करून कांचनभटाकडे बघू शकले, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नाटकात भुजंगनाथ पंचाहत्तरीचा. (माझ्या नातीला पदातलं 'पाऊणशे' म्हणजे किती ते सांगावं लागलं; तिच्या शाळेत हा आकडा कुणी असा म्हणत नाही.) दात पडलेले, काठीशिवाय पाऊल उचलत नाही, आणि त्याला बायको हवी. आपण हसतो, हसावं असंच देवलांनी लिहिलं आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ, त्याला दलालीशी मतलब. पण नीट पाहा, या दोघांच्या हातात काय आहे? म्हाताऱ्याने मागणी घातली तर घालू दे. मध्यस्थाने जोडे झिजवले तर झिजवू दे. मुलगी त्यांच्या घरात नाही. दाराला आतून कडी आहे आणि ती कडी काढणारा हात बापाचा आहे. कांचनभट 'नाही' म्हणाला असता तर पहिल्याच अंकात पडदा पडला असता. तो 'हो' म्हणतो म्हणून नाटक घडतं. म्हणून हे नाटक त्याचं आहे.

तो भट आहे, शास्त्र जाणणारा आहे, हेही देवलांनी उगाच केलेलं नाही. मुलीसाठी पैसे घेणाऱ्या बापाला मनुस्मृतीत शब्दच आहे, अपत्यविक्रयी. विद्वान बापाने कन्येचं शुल्क अणूइतकंही घेऊ नये, लोभाने घेतलं तर तो पोटचं पोर विकणारा ठरतो, असं तिथे स्वच्छ म्हटलं आहे. कांचनभटाला हे ठाऊक नसेल असं मानायला जागा नाही. ठाऊक असून तो करतो, आणि करताना तोंडाने काय म्हणतो, तर पोरगी श्रीमंताघरी पडेल, सुखात लोळेल. आपल्या गरजेला तो मुलीच्या भल्याचा झगा घालतो. मला या नाटकात सगळ्यात भीती वाटते ती या झग्याची. भुजंगनाथ निदान स्वतःच्या हावेला हाव म्हणू देतो.

आणि इंदिराकाकू, शारदेची आई. तिला सगळं दिसतं, ती नवऱ्याला बोलते, रडते, पण तिच्या बोलण्याने काडी हलत नाही. मुलीच्या जन्मात तिचा वाटा आईचा, पण देण्या-घेण्यात तिचं मत विचारायची रीत नाही. पदांच्या कार्यक्रमात तिच्या वाट्याला किती मिनिटं येतात, तुम्हीच आठवून बघा.

कायदे झाले, हे त्या गृहस्थांचं म्हणणं खरं आहे. म्हैसूर संस्थानाने 'शारदा'च्याही पाच वर्षं आधी, १८९४ मध्ये, आठ वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावायला बंदी केली. त्याच कायद्यात पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालच्या मुलीशी लग्न करणंही गुन्हा ठरवलं. भुजंगनाथ तेव्हा किती असतील याचा अंदाज त्यावरून येतो. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ मध्ये कायदा आणला, आपल्या होळकर राज्यात १९१८ मध्ये आला. मग १९२९ चा, १ एप्रिल १९३० पासून लागू झालेला, ज्याने मुलीचं वय चौदा केलं. तो अजमेरच्या हरबिलास सारडांचा. मराठीत सारडाचं शारदा झालं आणि पुष्कळांना अजून वाटतं की कायद्याचं नाव देवलांच्या नायिकेवरून पडलं. तसं नाही, पण ऐकणाऱ्याला ते पटतं यातच नाटकाचं सामर्थ्य आहे. १९७८ मध्ये मुलीचं वय अठरा झालं, २००६ मध्ये नवा कडक कायदा आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये शंभरातल्या तेवीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की अधिकाऱ्यांना मांडवात जाऊन लग्नं थांबवावी लागतात.

ते गृहस्थ म्हणतील, "ते खेड्यात. आपल्यात नाही." बरं. मग मी आपल्यातलंच सांगते.

माईआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण, जन्म १९३४ चा. रामबागेत आमचं बिऱ्हाड. आजोबांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते होळकर सरकारात कारकून होते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, पुढे चार-पाच वर्षांत ते निवृत्त झाले आणि हाती पेन्शन आली ती सहा माणसांच्या घराला न पुरणारी. माईच्या पाठचे तीन भाऊ, तिघे शिकणारे. एकोणिसाव्या वर्षी माई प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. मिलचा भोंगा झाला की ती डबा घेऊन पायी निघायची.

तिची जमाखर्चाची वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, सराफ्यातले व्यापारी वापरतात तशी. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, हजारो खाती पाहिली, पण असा हिशेब पाहिला नाही. जुलै १९५६ चं पान असं आहे: पगार ६५. आप्पांकडे ५०. बाळूची फी १२. उरले ३. त्याखाली, चप्पल दुरुस्ती ६ आणे. बाळू म्हणजे माझे बाबा. पुढे ते गोविंदराम सेकसरिया कॉलेजातून इंजिनिअर झाले. त्या बारा रुपयांचं पुढे काय झालं ते मला वहीत शोधावं लागत नाही. आमचं सुदामा नगरचं घर, माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं तिथूनच आलं.

माईला स्थळं सांगून येत होती. उज्जैनचं एक आलं, तर मंगळ निघाला. महूचं आलं, मुलगा वर्णाने डावा ठरला. १९६० मध्ये देवासचं आलं. मुलगा शाळामास्तर, हुंडा नको, लग्नानंतर नोकरी चालू ठेवली तरी हरकत नाही, पगारातलं माहेरी दिलं तरी हरकत नाही. असं स्थळ त्या काळी लाखात एक. आप्पांनी दोन दिवस घेतले आणि सांगितलं, "सगोत्र आहे. शास्त्राला मान्य नाही." विषय संपला. त्यानंतर माई तिशीकडे झुकली तशी स्थळं थांबली. कुणी विचारलंच तर घरातून उत्तर जायचं, "योग नाही."

आता नाटकातली एक गोष्ट आठवा. शारदेचं लग्न मोडतं कशाने? ती लहान आहे म्हणून नाही. तिला नको आहे म्हणून तर नाहीच, तिला विचारलंय कुणी? कोदंड एवढा ओरडतो, त्याला कोंडून घालतात. शेवटी लग्न थांबतं ते वधू-वर सगोत्र असल्याचं उघड होतं म्हणून. देवलांना आपला समाज नेमका कळला होता. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी जिथे चालत नाही तिथे गोत्र चालतं.

मी कॉलेजात असताना गावातल्या हौशी मंडळींनी अख्खं 'शारदा' केलं होतं. माईआत्या आणि मी शेजारी बसलो होतो. गोत्राचा उलगडा झाला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मीही वाजवल्या. आत्याचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर होते, तसेच राहिले. "जरा पाणी पिऊन येते," म्हणाली आणि उठून गेली ती परत आलीच नाही. नाटक सुटल्यावर बाहेर पायऱ्यांवर सापडली, चपला शेजारी काढून ठेवलेल्या. मी म्हटलं, "शेवट चुकला तुझा." ती म्हणाली, "गोत्राने सुटली ती." एवढंच. मला तेव्हा अर्थ कळला नाही. रिक्षात ती भाजीबद्दल बोलत होती.

ती २००९ मध्ये गेली. ट्रंक आवरताना वही निघाली आणि वहीत चौघडी घातलेला एक कागद, देवासच्या स्थळाचं टिपण. जन्मवेळ, रास, नक्षत्र, गोत्र. गोत्र अत्री. आमचं कौशिक. आणि टिपणाच्या पाठीवर आप्पांच्या वळणदार अक्षरात: 'सगोत्र. नकार कळवला.'

तो कागद तिच्या हाती कधी लागला, किती वर्षं तिने तो जवळ ठेवला, सांगायला कुणी नाही.

आप्पांना मी दुष्ट म्हणत नाही. त्यांनी मला खांद्यावर बसवून राजवाड्यापर्यंत नेलं आहे. माईला शाळेतून यायला उशीर झाला की ते दारात उभे राहायचे, तिला आवडतात म्हणून बोरं आणायचे. त्यांना कुणी स्वार्थी म्हटलं असतं तर ते जेवले नसते. आणि इथेच मला कांचनभट कळला. स्वतःला 'पोर विकणारा' म्हणवून घेणारा बाप जगात नसतो. तो व्यवहार बघतो, घर बघतो, योग बघतो. कांचनभटाने मुलीला लग्नात घालून पैसा केला, आप्पांनी लग्नापासून अडवून. साठ वर्षांच्या अंतराने दिशा उलटी झाली, वहीतली रक्कम त्याच बाजूला जमा होत राहिली.

आप्पा तिला समोर बसवून म्हणू शकले असते, "माई, घर चालत नाही. धाकटे दोघे हाताशी येईपर्यंत थांबशील का?" ती थांबली असती. मी तिला ओळखत होते, ती हसून थांबली असती, आणि तिचं थांबणं तिचं राहिलं असतं. त्यांनी मागितलं नाही. शास्त्राच्या आड उभं राहून घेतलं. मुलांकडून अपेक्षा करणं यात मला काही गैर वाटत नाही. मी स्वतः आई आहे, आजारी पडले तर मुलाने यावं असं मला वाटतं, आणि २००७ पासून तर वृद्ध आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवर कायद्यानेच आहे. पण मागणं उघड असावं. ज्याच्याकडून घ्यायचं त्याला आपण काय देतो आहोत हे कळावं.

आजीचं काय? आजीने माईच्या लग्नासाठी दोन पाटल्या बाजूला ठेवल्या होत्या. घरात कितीही ओढाताण झाली तरी त्या गहाण पडू दिल्या नाहीत. मरायच्या आधी त्या माझ्या आईकडे देऊन म्हणाली, "हिच्या लग्नात घाल," म्हणजे माझ्या. माई तिथेच पाणी घेऊन उभी होती. त्या पाटल्या माझ्या हातात आल्या तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला काहीच कळत नव्हतं. रंगमंचावरची इंदिराकाकू बघताना मला आजीचे हात दिसतात.

आणखी एक लिहायला हवं, कारण त्यात माझे बाबाही आहेत. १९७४ मध्ये आप्पा गेले. गावाकडच्या घराचा वाटा चौघांचा; १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला होता. तिघा भावांनी माईपुढे हक्कसोडपत्र ठेवलं. "तू एकटी, तुला काय करायचंय." तिने सही केली. वहीत त्या तारखेला एक ओळ आहे: 'कोर्टात जाणे-येणे, टांगा २ रु.' भाडंही तिनेच दिलं.

आता आजचं. गेल्या वर्षी एका वधू-वर मेळाव्यात मी मदतीला होते. माइकवर येऊन आई-वडील बोलतात, मुलं शेजारी उभी. मुलीचं शिक्षण, मुलीचं पॅकेज, मुलाचं पॅकेज, पुण्यात फ्लॅट आहे का, त्यावर हप्ता किती, घरात कोण-कोण. मुला-मुलीला कुणी माइक देत नाही, आणि दिला तर ते आईकडे बघतात. एक बाबा नंतर माझ्याजवळ बसले. मुलगी पुण्यात आयटीत, चौतीस वर्षांची. इंदुरातल्या नव्या फ्लॅटचा हप्ता तिच्या खात्यातून जातो. स्थळं येतात, पण त्यांना एकही पसंत पडत नाही. "मुलगी हुशार आहे हो, तिला शोभेल असा मिळायला हवा." मी विचारलं, "ती काय म्हणते?" ते म्हणाले, "ती आमच्या शब्दाबाहेर नाही." ते अगदी अभिमानाने म्हणाले. मला त्यांच्या खिशात टिपण दिसत होतं.

हेच मला भंवरकुआँच्या रस्त्यावर दिसतं. खांद्याला जड बॅगा लावून क्लासमधून सुटणारी मुलं, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेली. आमच्या सोसायटीतला एक मुलगा फार सुंदर तबला वाजवायचा. आता त्याच्या खोलीतून आवाज येत नाही. "आमचं डॉक्टर व्हायचं राहून गेलं," त्याचे वडील लिफ्टमध्ये म्हणाले, "निदान याचं तरी." त्याच्या भल्यासाठीच सगळं चाललंय, यात त्यांना तिळमात्र शंका नाही.

म्हणून चहाच्या टेबलापाशी ऐकलेल्या त्या वाक्याने मी अस्वस्थ झाले. गाणी राहिली म्हणता, मग कांचनभट कुठे गेला? आपणच त्याला संहितेतून काढून टाकला आणि मग म्हणालो, आता असं कोण राहिलंय.

माझी मागणी साधी आहे. येत्या जानेवारीत, 'शारदा' पहिल्यांदा जिथे उभं राहिलं त्या या गावात, पुरं नाटक करा. पदांच्या कार्यक्रमाला सहा-आठ कलाकार पुरतात आणि नाटकाला माणसं, तालमी, नेपथ्य, कपडे लागतात, हे मला कळतं. पूर्वी संगीत नाटकं रात्रभर चालायची, आज अडीच-तीन तासांवर कुणी बसत नाही, हेही कळतं. कापावं लागेलच. तर पदं कापा. जी पाठ आहेत तीसुद्धा कापा, लोक घरी जाऊन ऐकतील. कांचनभट आणि इंदिराकाकूंचे प्रवेश कापू नका.

कांचनभटाचं काम विनोदी नटाकडे देऊ नका. शेंडी, तपकीर, घोगरा आवाज, पैशाची थैली दिसली की वळवळणारी बोटं, असा कांचनभट मी दोनदा पाहिला आहे. लोक त्याला हसतात आणि हसता हसता तो सुटतो, कारण असा बाप कुणाच्याच घरी नसतो. असा नट घ्या जो एरवी प्रेमळ वडिलांची कामं करतो. त्याने शारदेच्या डोक्यावरून हात फिरवावा. 'तुझ्या भल्यासाठी' हे त्याने मनापासून म्हणावं, इतकं की पाचव्या-सहाव्या रांगेतल्या बापांना क्षणभर पटावं.

शेवटाबद्दलही थोडं. लग्न अर्धवट मोडलेली शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि दोघांच्या लग्नाला शंकराचार्यांचा होकार मिळतो. आजच्या दिग्दर्शकांना हा शंकराचार्य नको वाटतो, ते तो प्रवेश आटोपता घेतात. माझंही मन तिथे थोडं नाराज होतं. एवढं सोसून मुलगी पुन्हा दुसऱ्या कुणाच्या होकारावरच उभी. तरी तो ठेवा. एका पोरीला जिवंत राहून संसार करायला १८९९ मध्ये किती जणांची परवानगी लागत होती ते प्रेक्षकांना मोजू द्या. पूर्वी शारदेचं काम मुलगे करायचे. बायका रंगमंचावर नव्हत्याच. आपल्याकडे आता चौदा-पंधरा वर्षांच्या गाणाऱ्या मुली आहेत. हे शब्द एखाद्या मुलीच्या तोंडून ऐकायचा योग आपल्या हातात आहे.

एक प्रयोग दुपारचा ठेवा आणि भंवरकुआँ भागातल्या वसतिगृहांतल्या मुला-मुलींना बोलवा, मराठी येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांनाही. मराठी न कळणारी मुलं शेजारच्याला विचारतील. दुसरा प्रयोग मेळाव्याच्या दिवशी संध्याकाळी ठेवा, आई-वडील तिथे आलेलेच असतात. पहिल्या प्रयोगाच्या सभागृहाचं भाडं मी माझ्या पेन्शनमधून देईन. कृपा करून त्याबद्दल माझं नाव कुठे छापू नका.

आणि मला तालमीला बोलवा. मला गाणं येत नाही, अभिनय येत नाही, मी कोपऱ्यात बसेन. फक्त ज्यांना कांचनभटाचं काम मिळेल त्यांच्याशी पहिल्या दिवशी दहा मिनिटं हवीत. मी वही घेऊन येईन. जुलै १९५६ चं पान त्यांनी स्वतः वाचावं, आणि मग तो चौघडीचा कागद उलटून बघावा.

आपली,
रामबागेत वाढलेली एक प्रेक्षक
इंदूर